विषय: सालामान्कात स्पॅनिशचा कोर्स – शाकाहारी जेवणाचं कसं जमवायचं?

पुण्याहून

नमस्कार मंडळी,

जानेवारीपासून १२ आठवडे स्पेनमधल्या सालामान्कात स्पॅनिशचा कोर्स आहे. मी शाकाहारी, अंडं चालतं. राहण्यासाठी यजमान कुटुंबात 'मेदिया पेन्सिओन' किंवा तिघींबरोबर फ्लॅट, असे दोन पर्याय आहेत. कोणता घ्यावा? बाहेर खाताना काय सांभाळावं? आणि इथून काय काय न्यावं? तवा, कुकर आणि डाळी न्यायचा विचार आहे.

उत्तर १ – सालामान्काहून

मेदिया पेन्सिओन म्हणजे नाश्ता आणि आणखी एक जेवण. ते जेवण दुपारचं की रात्रीचं, हे लेखी विचारून घे. इथलं मुख्य जेवण दुपारी दोन ते साडेतीनच्या मध्ये असतं आणि रात्रीचं नऊनंतर. वर्ग बहुतेक एक-दोनला सुटतात, त्यामुळे दुपारचं जेवण घरी मिळणार असेल तर कुटुंब उत्तम, कारण टेबलाभोवतीच्या त्या तासाभरात वर्गाइतकंच स्पॅनिश कानावर पडतं. फक्त रात्रीचं देत असतील तर फ्लॅट बरा.

जेवणाबद्दल सगळ्यात महत्त्वाचं: "सिन कार्ने", म्हणजे मांसाशिवाय, एवढं सांगून भागत नाही. इथे 'कार्ने' म्हटलं की मटणाचा तुकडा डोळ्यांसमोर येतो. खामोन (डुकराच्या मांडीचे वाळवलेले काप) आणि आतून (टूना) त्यात बरेचजण धरतच नाहीत. एन्सालादा मीक्स्ता या साध्या सॅलडवर टूना असतो, फरसबीत खामोनचे तुकडे असतात, मसुरीत चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) असतो. म्हणून वाक्य पूर्ण पाठ कर: "नो कोमो कार्ने, नि पेस्कादो, नि खामोन, नि आतून." मग सूप किंवा कडधान्य असेल तर विचार: "येवा काल्दो दे कार्ने?" म्हणजे यात मांसाचं पाणी आहे का?

सालामान्कात दोन पदार्थ हमखास फसवतात. 'पातातास मेनेआस' दिसायला थेट आपली कुस्करलेली बटाट्याची भाजी, पण ती डुकराच्या चरबीत परततात आणि वर चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात. दुसरा ओर्नासो. बेकरीत भरलेल्या पावासारखा दिसतो, आत चोरिसो आणि खामोन असतं. 'मान्तेका' हा शब्दही लक्षात ठेव. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. लोणी म्हणजे मान्तेकिया. नाताळातले पोल्वोरोन आणि मान्तेकादो याच चरबीत होतात, आणि जानेवारीत ते घरोघरी उरलेले असतात. प्रेमाने पुढे करतील, तेव्हा माहीत असलेलं बरं.

निर्धास्त खाण्यासारखं: तोर्तिया दे पातातास (अंडं-बटाट्याची जाड पोळी, मधल्या सुट्टीत तिचा एक काप पुरतो), पिमिएन्तोस दे पाद्रोन (तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या), पिस्तो (टोमॅटो, वांगं किंवा झुकिनी आणि ढोबळी मिरची शिजवून केलेली भाजी). 'मेनू देल दिआ' शक्यतो कामाच्या दिवशी दुपारी मिळतो: दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड. दुसऱ्या पदार्थात बहुधा मांस-मासेच असतात. तेव्हा "दोस प्रिमेरोस", म्हणजे पहिल्या यादीतलेच दोन, मागायचे. बरेच ठिकाणी देतात.

उत्तर २ – माद्रिदहून

फ्लॅट घेतलास तर डाळी मुळीच आणू नकोस. कास्तिया, म्हणजे सालामान्का ज्यात येतं तो भाग, हा कडधान्यांचा मुलूख आहे. सालामान्काच्या शेजारचा आर्मुन्या भाग मसुरीसाठी नावाजलेला, आणि 'पेद्रोसियानो' हे छोटे गोल हरभरेही त्याच बाजूचे. उसळीला ते काबुलीपेक्षा छान लागतात.

आमटीला 'लेन्तेखा पार्दिना' घे, म्हणजे बारीक तपकिरी अख्खा मसूर. भिजवावा लागत नाही. पण त्याचं साल फुटत नाही, म्हणून वरणासाठी तो नको. वरणाला 'लेन्तेखा रोखा', लाल डाळ, वेगळी मिळते. हरभरे १२ तास भिजवून गरम पाण्यातच शिजायला टाक, मध्येच गार पाणी ओतू नकोस. घाई असेल तर शिजवलेल्या हरभऱ्यांची काचेची बरणी मिळते, निथळून ४०० ग्रॅम. पाणी धुऊन टाक, मीठ त्यातच असतं.

आपला कुकरही राहू दे. अ‍ॅल्युमिनियमचा तर इंडक्शनवर तापतच नाही. तिथला 'ओया एक्सप्रेस' बहुतेक घरांत असतो, पण शिट्ट्या मोजायच्या नाहीत; वरची खूण उचलली गेली की तिथून मिनिटं मोजायची. भिजवलेले हरभरे साधारण २० ते २५ मिनिटं.

बेसनाला 'आरिना दे गार्बान्सो' म्हणतात. दक्षिणेकडच्या आंदालुसियात त्याच पिठात तळतात, त्यामुळे सहज मिळतं. काबुली हरभऱ्याचं असल्याने रंग फिका असतो, पिठलं मात्र झकास होतं. शेजारच्या फडताळातलं 'आरिना पारा फ्रेइर' उचलू नकोस, ते तळणासाठी जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ असतं. गुळाच्या जागी लॅटिन अमेरिकन मालाच्या दुकानातली 'पानेला' घे. शेंगदाणे 'क्रूदो', म्हणजे कच्चे, बघून घे. बाकीचे खारवलेले असतात.

तिखटाची गोष्ट वेगळी. 'पिमेन्तोन' ही तिथली लाल मिरचीची पूड, पण ती म्हणजे आपलं तिखट नव्हे. 'दुल्से' गोड, 'पिकान्ते' तिखट, पण त्यालाही संकेश्वरीची धार नाही. कडक तेलात टाकलं की क्षणात करपून कडू होतं, म्हणून भांडं खाली उतरवून मगच घालायचं. ला वेरा भागातलं ('दे ला वेरा') पिमेन्तोन ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. आमटीत तो धूर नकोसा होतो. वांग्याच्या भरतात मात्र त्याला तोड नाही: काचेच्या शेगडीवर वांगं भाजता येत नाही, ओव्हनमध्ये ते नुसतं मऊ होतं, आणि चमचाभर पिमेन्तोन राहिलेला धूर भरून काढतं.

म्हणून भारतातून आण फक्त हिंग, मोहरी, गोडा मसाला, आमसुलं आणि थोडं लाल तिखट. जिरं आणि हळद तिथे मिळते. बाकी काही अडलंच तर माद्रिदच्या लावापिएस भागात भारतीय-बांगलादेशी दुकानं आहेत.

पुण्याहून

खूप आभार. डाळी आणि कुकर रद्द. पण पोळ्यांचं काय? तिथल्या पिठाच्या पोळ्या वातड होतात असं ऐकलंय.

उत्तर ३ – माद्रिदहून

'आरिना दे फुएर्सा' घेतलं तर होणारच. ते पावाचं पीठ, त्यात ग्लुटेन जास्त, लाटलेली पोळी मागे आक्रसते. नुसतं 'इन्तेग्राल', म्हणजे कोंड्यासकटचं पीठ, घेतलं तर भरड कोंड्यामुळे कडा फाटतात. साधं 'आरिना दे त्रिगो' (गव्हाचं पीठ) २०० ग्रॅम आणि चाळलेलं इन्तेग्राल १०० ग्रॅम, असं मिसळ. कोमट पाणी १७० मिलीपासून सुरू कर. आपल्या कणकेइतकं पाणी हे पीठ पीत नाही. चमचाभर तेल घालून अर्धा तास झाकून ठेव. शेगडी काचेची असली तर ती आपोआप चालू-बंद होत राहते, म्हणून जाड तवा पाच मिनिटं आधीच तापव. तवा आणायचा तर लोखंडी आण.

उत्तर ४ – बार्सेलोनाहून

भाषेचं एक राहिलं. "मे गुस्ता" शिकताना इंग्रजीतून जाऊ नकोस. "मला आवडतं" ही आपली रचना अगदी तीच आहे: आवडणारी वस्तू कर्ता, आणि क्रियापद तिच्यामागे जातं. "मला आंबे आवडतात" तसं "मे गुस्तान लोस मांगोस". भूक मात्र 'लागत' नाही, ती 'असते': "तेन्गो आम्ब्रे". त आणि द आपलेच दंत्य, ट-ड नकोत.

पोर्तुगीजमधून आलेले आपले शब्दही कामी येतात: बटाटा–पाताता, साबण–खाबोन, पगार–पागार. अननसाला मात्र 'पिन्या' म्हणावं लागतं आणि काजूला 'आनाकार्दो'.

प्लासा मायोर या मुख्य चौकाला लागूनच मेर्कादो सेन्त्राल ही मंडई आहे. दुकानं दुपारी दोन ते पाच बंद आणि रविवारी बहुतेक सगळं बंद, तेव्हा शनिवारी सकाळी जा. कोथिंबिरीची जुडी "उन मानोखो दे सिलान्त्रो". वास घेऊन बघ, शेजारची 'पेरेखिल' (पार्सली) हुबेहूब तशीच दिसते. आणि गल्ल्यावर "कुआर्तो इ मिताद" ऐकू आलं तर गोंधळू नकोस: पाव किलो आणि वर अदपाव, म्हणजे ३७५ ग्रॅम. चौघींच्या उसळीला हरभरे तेवढेच लागतात.