अंड्यावरच्या लेअर कोंबड्यांसाठी कोणतं प्रोबायोटिक चांगलं? अर्जंट

लेअरवाला_अमळनेर
कंपनीचं नाव आणि डोस तेवढा सांगा, भाषण नको. अंडी पातळ कवचाची येताहेत, ट्रेमध्ये ठेवतानाच टिचतात. त्यात व्यापारी म्हणतो बलक काळपट निघतो, गिऱ्हाईक परत आणतं. दुकानदाराने दिलेली प्रोबायोटिकची, म्हणजे चांगल्या जंतूंची पुडी आठ दिवस पाण्यातून दिली. काडीचा फरक नाही.

तापीकाठ
भाऊ, कोंबड्यास्नी उमर किती ते तं सांगा. नग किती?

लेअरवाला_अमळनेर
1200. वय 68 आठवडे. आता सांगा.

शिरपूरची_सून
पुड्या कशाला? ताक द्या. आमच्या सासूबाई गावठी कोंबड्यांना उन्हाळाभर ताक पाजतात, अंडी दगडासारखी टणक.

केळीवाला_रावेर
ताई, तुमच्या दहा कोंबड्या अंगणात फिरतात, किडे-मुंग्या खातात. याच्या 1200 पिंजऱ्यात आहेत. पाणी प्यायच्या निपलच्या लाइनीत ताक ओतलं की दोन दिवसांत पाइप चोंदेल आणि वास सुटेल तो वेगळाच.

शिरपूरची_सून
पुडीतही लॅक्टोबॅसिलसच, म्हणजे ताकातलेच जंतू असतात ना? फक्त पॅकिंग चकचकीत.

नवापूरकर
लगेच डॉक्टरांना कळवा. 2006 ला आमच्याकडे बर्ड फ्लू आला तेव्हा शेडच्या शेड रिकामे झाले. अंड्यात फरक पडला की समजायचं.

लेअरवाला_अमळनेर
मर नाही हो. खातात-पितात. घाबरवू नका.

धुळ्याचा_पंक्या
एक शंका. 500 ब्रॉयलरला किती जागा लागते? सबसिडी मिळते का?

निवृत्त_पशुवैद्य
पंकज, वेगळा धागा काढ.
लेअरवाले, दोन तक्रारी आहेत आणि कारणंही दोन असावीत. आधी कवच. साठ आठवड्यांनंतर अंडं मोठं होतं, पण एका अंड्यावर चढणारं कॅल्शियम साधारण 2 ग्रॅमच राहतं, म्हणून कवच पातळ. त्यात मे महिना. कोंबडी धापा टाकते, श्वासातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं आणि कवचाला मालच कमी पडतो. वर उन्हात खाणंही कमी. शिंपल्याचा जाड चुरा संध्याकाळी द्या. कवच रात्री बनतं आणि जाड तुकडा गिझर्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, हळूहळू विरघळतो. बारीक पीठ दिलंत तर ते लवकर संपतं. पिण्याच्या पाण्यात थोडा खायचा सोडा, तोही दुपारच्या उन्हापुरता.
आता सांगा, पाण्यात ब्लीचिंग टाकता का? आणि टाकी पत्र्यावर आहे का?

लेअरवाला_अमळनेर
टाकतो. नळाचं पाणी येतं तेव्हाही टाकतो. टाकी पत्र्यावरच आहे. त्याचा काय संबंध?

केळीवाला_रावेर
अरे देवा.

निवृत्त_पशुवैद्य
ब्लीचिंगमधलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं, चांगले-वाईट ते बघत नाही. तुमची पुडी टाकीतच मेली. लॅक्टोबॅसिलस पत्र्यावर तापलेल्या टाकीतली उष्णताही सोसत नाही. बॅसिलस या दुसऱ्या जंतूचे बीजाणू जास्त टिकतात. ताकाचंही तेच, ताई. मध्ये प्रतिजैविक चालू होतं का? तेही हे जंतू मारतं.

लेअरवाला_अमळनेर
हगवण होती म्हणून पाच दिवस दिलं होतं. हे विचारलं नव्हतं तुम्ही.

तापीकाठ
विचारलं तरी तुम्ही सांगता का हो.

निवृत्त_पशुवैद्य
आणि बलकाचं. खाद्य विकत की घरचं?

लेअरवाला_अमळनेर
घरचं. मका, सोया, कोंडा. सोयाचे भाव चढले म्हणून फेब्रुवारीपासून निम्मी सरकी ढेप घालतो. आमच्या भागात ढेपेला तोटा नाही.

निवृत्त_पशुवैद्य
मिळालं. सरकीतला गॉसिपॉल नावाचा विषारी घटक बलकातल्या लोहाशी जुळतो आणि बलक हिरवट-तपकिरी होतो. ताज्या अंड्यात फारसं कळत नाही, ठेवल्यावर वाढतं. म्हणून तुम्हाला दिसलं नाही, व्यापाऱ्याला दिसलं. ढेपेत तेल उरलेलं असेल तर पांढऱ्यावर गुलाबी झाकही येते. कोणतंही प्रोबायोटिक हे धुऊन काढणार नाही. हिराकस (लोहाचा क्षार) घालून गॉसिपॉल बांधता येतो, पण ढेप बंद केलेली बरी.

शिरपूरची_सून
अण्णा, घरच्या कोंबड्यांनाही सरकी चारू नये का? आमच्या कापसाच्या गोदामाभोवतीच फिरतात.

निवृत्त_पशुवैद्य
दोन-चार दाण्यांनी काही होत नाही.

लेअरवाला_अमळनेर
सहा पोती ढेप उरली आहे. तिचं काय करू?

केळीवाला_रावेर
म्हशी नाहीत का घरी?

लेअरवाला_अमळनेर
आहेत दोन. पण प्रोबायोटिकचं नाव कोणीच सांगितलं नाही.