सांधण दरीत उतरायच्या आधी पाण्याचा अंदाज कसा घेता? (८ जण, बेळगावहून)

तिसरं_गेट
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही ८ जण साम्रद गावाला जाऊन सांधण ही कातळातली अरुंद घळ उतरणार आहोत. नुसती बघून परत नाही, दोर लावून खाली डेहणे गावापर्यंत. आमच्यातल्या दोघांनी आधी केलेली आहे, खरं ती मे महिन्यात, तेव्हा वाटेतल्या दोन कुंडांपैकी दुसऱ्यात घोटाभर पाणी होतं. यंदा दसरा होऊन गेला तरी आमच्याकडं रोज दुपारी गडगडालाय. त्यामुळं काळजी लागली आहे. दोघांना पोहता येत नाही. त्यातला एक माझा भाचा, वय १७, उंची पाच फूट.

विचारायचं एवढंच की निघायच्या आधी पाण्याची खरी परिस्थिती कशी कळते, आणि त्यासाठी काय घ्यावं लागेल? सगळ्यांचं मिळून ८ हजार आहेत, त्याच्या वर एक रुपया नाही. दोर, हार्नेस, हेल्मेट क्लबकडनं मिळणार आहेत.

कॅम्प_रायडर
वेटसूट घे, पाण्यात घालायचा रबरी, ३ मिलिमीटरचा. मी गोव्यातनं ६ हजाराला घेतला, तीन वर्षं झाली, शिवण कुठं उसवली नाही. पाणी किती आहे याची काळजीच राहत नाही मग. अंग गरम राहतं आणि थोडा तरंगवतो पण. एकदा घेतला की घेतला.

तिसरं_गेट
दादा, ८ हजार आठांचे मिळून आहेत.

कॅम्प_रायडर
ते वाचलं. खरं जिवापेक्षा पैसे मोठे नाहीत, म्हणून सांगितलं.

निपाणीकर
मोबाईलवर साम्रदचं हवामान बघून निघू नकोस. आम्हा चिकोडी-निपाणीकडच्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. इथं टिपूस नसतो, ऊन पडलेलं असतं, आणि तिकडं घाटमाथ्यावर कोसळला, कोयनेतनं पाणी सुटलं, की इकडं कृष्णेवरचा कल्लोळ-यडूर पूल पाण्याखाली. शाळेची पोरं दप्तर घेऊन अर्ध्या वाटेतनं परत. आमच्या गावात पाऊस किती झाला हे विचारून पुलाचं काही कळत नाही.

घळीचं तेच आहे, फक्त सगळं मिनिटांत होतं. वरच्या पठारावर पडलेलं पाणी त्या एका फटीतनंच जाणार. नदीला पसरायला शेतं असतात, घळीला दोन्ही बाजूंनी कातळ. रुंदी मिळत नाही म्हटल्यावर पाणी उंचीच घेणार. नकाशा काढ, साम्रदकडचा कुठकुठला उतार घळीच्या तोंडाकडं येतो ते बघून पेन्सिलीनं रेघ मार. पाऊस त्या रेघेच्या आत आहे का ते बघायचं. उतरायच्या दिवशीच नव्हे, आदल्या तीन-चार दिवसांचा पण. पठार आधीच भिजून तट्ट असलं तर तासाभराचा पाऊससुद्धा जमिनीत मुरत नाही, सरळ वाहतो.

खानापूरकर
निपाणीकरांनी लिहिलं तेच मी लिहिणार होतो. खानापुरात मळप्रभेच्या पुलावर उभं राहिलं तर ऊन असतं, आणि वर उगमाकडं कणकुंबीला धो धो. आम्ही नदीचं पाणी हब्बनहट्टीच्या मारुतीवरनं ओळखतो. मंदिर पाण्यात गेलं म्हटलं की इकडं थोड्या वेळानं चढणार. वरच्या माणसाला विचारायचं, हीच रीत.

दुसरं म्हणजे, सांधण सांधण काय लावलंय सगळ्यांनी? पाचशे किलोमीटर लांब जाण्यापेक्षा आपल्या चोर्ल्याकडं, चापोलीकडं किती ओढे आहेत. वज्रपोहा धबधब्याला या, पाणी बघा.

येळ्ळूर_गड
काका, तिकडं वनखातं सोडतंय कुठं? भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. मागच्या वर्षी आम्हाला नाक्यावरनं परत पाठवलं.

खानापूरकर
पावसाळ्यात सोडत नाहीत ते बरोबरच आहे, आणि ते आमच्याच भल्यासाठी आहे. रीतसर परवानगी घेऊन गावातला माणूस बरोबर घेतला तर एवढं अडवत नाहीत. तुम्ही न विचारता बाईक घालता म्हणून अडवतात.

येळ्ळूर_गड
आम्ही विचारूनच गेलो होतो काका. असो, इथं विषय वेगळा चाललाय. सांधणसुद्धा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातच येते, तेव्हा तिथलंही आधी विचारून घे रे बाबा.

अनगोळ_नाका
मी पैसे भरून एक ॲप घेतलंय, वर्षाला अडीच हजार. तासातासाचा पाऊस, वारा, ढग, सगळं दाखवतं. आंबोलीला जाताना तीन वेळा बरोबर निघालं. आठांनी काँट्री काढली तर काहीच पडत नाही. आणि फुकटात हवं असेल तर वरुणमित्र हेल्पलाइनला फोन कर. आमच्या शेताचा पाऊस विचारला तर दोन मिनिटांत सांगितला.

निपाणीकर
वरुणमित्र कर्नाटकाचं आहे. ते जांबोटी-कणकुंबीचा पाऊस सांगतील, साम्रद अकोले तालुक्यात. आम्हा सीमेवरच्या लोकांना ही सवय नेहमीचीच, नदी तिकडची आणि आकडा इकडचा. तिकडं महाराष्ट्राच्या महावेध या हवामान प्रकल्पाची मंडलवार केंद्रं आहेत. भंडारदरा पाणलोटातले घाटघर, रतनवाडीचे आकडे पावसाळाभर पेपरात येतात, तो पट्टा साम्रदच्या शेजारचाच. विजेसाठी दामिनी ॲप फुकट आहे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलंय. हवामान खात्याचं मुंबईचं रडार मोबाईलवर दिसतं. गोव्याचं उघडून बसू नकोस, ते आपल्यासाठी बरं, सांधणसाठी लांब पडतं.

अनगोळ_नाका
रडार फक्त आत्ताचं सांगतं. माझं ॲप पुढचे दहा दिवस सांगतं.

गिरिवाट
सांधणला सात वेळा गेलोय, त्यातनं दोनदा दोराच्या तोंडावरनं परत आलोय. दहा दिवसांचा अंदाज तारीख ठरवायला ठीक, घळीत शिरायला नाही. दुपारचा वळवाचा ढग तासाभरात उभा राहतो.

मला विचारशील तर साम्रदला फोन कर. गावात वाटाडे आहेत, जेवण-मुक्काम देणारी घरं आहेत, नंबर क्लबात कुणाकडंही मिळेल. खरं प्रश्न नीट विचार. "पाणी आहे का हो?" असं विचारलं की "हाय थोडं, जमतंय" हेच उत्तर येणार. तो माणूस रोज तिथं वावरतो, त्याच्या मानानं ते थोडंच आहे, तो खोटं सांगत नाही. मी असं विचारतो: आज कुणी आत जाऊन आलं का? दुसऱ्या कुंडात पाणी कुठं लागलं, मांडीला, कंबरेला, का छातीला? गेलेला माणूस किती उंच? पाणी उभं आहे का वाहतंय? नितळ आहे का गढूळ? आणि काल गुरं वेळेवर परत आली का पावसानं लवकर आणली?

उंचीचं मुद्दाम सांगालोय. एकदा मला फोनवर कंबरभर सांगितलं होतं. गेल्यावर कळलं, सांगणारा चांगला सहा फुटी गडी. आमच्यातल्या एका पोरीच्या काखेपर्यंत पाणी आलं, सॅक डोक्यावर घेऊन ती कातळाला हात लावत लावत गेली. तुझा भाचा पाच फुटाचा आहे.

आत शिरल्यावर भिंतींकडं बघत जा. फटींत पाचोळा, काटक्या अडकलेल्या असतात, पुष्कळ ठिकाणी आपल्या डोक्याच्या वर. त्या वाळून भुरक्या झालेल्या असतील, बोटानं चुरतात, तर तो पावसाळ्यातला पूर. परत आलो त्यातल्या एका वेळी मला खांद्याइतक्या उंचीवर एक डहाळी सापडली, पानं अजून हिरवी, मोडली तर चरकन मोडली नाही, वाकली. त्याखालचा चिखल बोटाला लागला. म्हणजे एक-दोन दिवसांत पाणी खांद्यापर्यंत येऊन गेलं होतं, आणि वर गावात आम्हाला "पाऊस नाही" सांगितलं होतं. गावात नव्हताच, पठाराच्या पलीकडच्या टोकाला झाला होता. मी तिथनंच सगळ्यांना मागं फिरवलं. चार जण रुसले. रुसू देत.

विकत घ्यायचं म्हणशील तर १५ फूट नायलॉनची दोरी. फुटाफुटावर गाठ मार, टोकाला पेरूएवढा दगड बांध, कुंडात सोड आणि गाठी मोज. एका जागी मोजून थांबू नकोस. तळाला धोंडे आहेत, एकीकडं तीन गाठी भिजतील, हातभर पुढं पाच. उडी कुणीही मारायची नाही.

आणि पहिला दोर लागतो तिथं थांबा. साधारण ४०-५० फुटांचा टप्पा आहे. तिथवर आलेला माणूस केव्हाही परत जाऊ शकतो. एकदा सगळे खाली उतरून दोर ओढून घेतला की वरची वाट बंद. काय ते तिथंच ठरवायचं, सकाळी ९ च्या आत.

कडोली_एक्सप्रेस
ड्रोन लावा ना. माझ्याकडं आहे, ४५ हजाराचा. वरनं एक चक्कर मारली की सगळं पाणी दिसतं.

गिरिवाट
अभयारण्यात परवानगीशिवाय उडवता येत नाही. आणि दोन-अडीचशे फूट खोल फटीत वरनं अंधारच दिसतो.

मानसी_वडगाव
पाण्याच्या खोलीबद्दलच सगळे बोलताय, थंडीबद्दल कुणीतरी बोला. मी डिसेंबरात एका ग्रुपबरोबर गेले होते. कुंडात फक्त कंबरभर पाणी, त्याचं काहीच वाटलं नाही. खरं पुढं दोराला पन्नास माणसं रांगेत. ओल्या जीन्समध्ये मी दोन तास सावलीत बसून होते, ऊन खालपर्यंत येतच नाही. बोटं एवढी बधिर झाली की कॅराबिनरचा, म्हणजे दोराच्या कडीचा, स्क्रू फिरवता येईना. माझ्या शेजारची मुलगी थरथरायची थांबली आणि एकाएकी गप्प झाली. मला वाटलं बरं वाटालंय तिला. एका वयस्कर काकांनी ओळखलं, तिचे ओले कपडे बदलायला लावले, गूळ खायला दिला, चौघींनी मिळून मध्ये घेतलं. ग्रुपवाल्यांनी यातलं काही आधी सांगितलं नव्हतं, पैसे मात्र सगळे आगाऊ घेतले होते.

भाच्याला जीन्स घालू देऊ नको. सुती बनियनसुद्धा नको. कोरडा जोड, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून. कुंड ओलांडलं की लगेच बदल. वेटसूटच पाहिजे असं काही नाही.

कॅम्प_रायडर
वेटसूट असता तर हे झालंच नसतं ताई.

टिळकवाडी_निवृत्त
माझा मुलगा यूटामध्ये असतो, मी दोन वेळा जाऊन आलो. तिथं झायन राष्ट्रीय उद्यानात नॅरोज नावाची अशीच अरुंद घळ आहे, नदीतनंच चालायचं. व्हर्जिन नदीवर मापक बसवलाय. प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की घळ बंद. पुराचा इशारा असला तरी बंद. घरात बसून आकडा बघायचा आणि मग निघायचं. आपल्याकडं अशा घळींना मापक नाही, हे मला फार लागतं.

आणि एवढं असूनसुद्धा तिकडं घळींत माणसं पुरात दगावतात. ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ ला ११ पर्यटक पुरात वाहून गेले. पाऊस कित्येक मैल वरच्या अंगाला पडला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्याच कीहोल कॅनियनमध्ये ७ जण तसेच दगावले. मी ती अँटिलोपची फट खालनं वर बघितली आहे. आता तिथं लोखंडी जिने आहेत. मी मुलाला म्हटलं, चल बाहेर.

माझा सल्ला, जानेवारीत जा. नोव्हेंबर नको.

येळ्ळूर_गड
जानेवारीला अनुमोदन. मीसुद्धा जानेवारीतच केली.

खानापूरकर
जानेवारी. नाहीतर चापोली.

मानसी_वडगाव
जानेवारीत गर्दी कमी असेल असं नाही, पण पाऊस तरी नसेल.

गिरिवाट
मी तर फेब्रुवारीच म्हणेन. गाडी खाली डेहण्याला कोण आणणार ते पण ठरव. साम्रदहून डेहण्याला रस्त्यानं मोठा वळसा आहे. करोली घाटाच्या पायवाटेनं चढून परत यायचं असेल तर अख्खा दिवस जातो, पाय राहत नाहीत. दमलेला माणूस पाण्याकडं नीट बघत नाही.

तिसरं_गेट
सगळं दोनदा वाचलं, घरी आईला पण वाचून दाखवलं. सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगतो.

तारीख तीच राहणार. भाचा बारावीला आहे, जानेवारीपासून त्याला सोडणार नाहीत. वेटसूट नाही, ॲप नाही. मी आणि एक मित्र गुरुवारीच पुढं जाणार, साम्रदला मुक्काम. शुक्रवारी सकाळी गावातला वाटाड्या घेऊन आम्ही तिघं दोन्ही कुंडं ओलांडून पहिल्या दोरापर्यंत जाऊन परत येणार, गाठी मोजून. ८ हजारातला बराचसा पैसा यातच जाणार, दोघांचा प्रवास, मुक्काम, वाटाड्या. उरलेल्यात दोन लाइफ जॅकेट, न पोहणाऱ्या दोघांना. बाकीचे सहा जण शुक्रवारी पुण्यात माझ्या बहिणीकडं थांबतील आणि माझा फोन गेला तरच पुढं निघतील. पाणी भाच्याच्या छातीला लागेल एवढं असलं तर उतरणं रद्द, सगळे रतनगडाला जाऊ.

निपाणीकर
शुक्रवारचं पाणी म्हणजे शनिवारचं पाणी नव्हे.

तिसरं_गेट
होय, ते डोक्यात आहे काका. शुक्रवारी पहिल्या कुंडाच्या कातळावर पाण्याच्या वर चार बोटं खडूनं रेघ मारून येणार. शनिवारी पहाटे रेघ पुसलेली दिसली तर कुणीही आत पाऊल टाकणार नाही. शुक्रवारी दुपारी पठारावर ढग चढताना दिसला तरीसुद्धा.

टिळकवाडी_निवृत्त
मी तरी नोव्हेंबरला नकोच म्हणेन. जाणार असशील तर परत आल्यावर इथं लिही, मी वाट बघतो.

कॅम्प_रायडर
माझा वेटसूट भाच्याला घेऊन जा. मापात थोडा मोठा होईल.

गिरिवाट
गाठींची दोरी विकत घेऊ नको, माझी आहे. रविवारी सकाळी कपिलेश्वर पुलापाशी ये, देतो. दगड तिथला तिथं बांधा. परत देताना गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळव, उन्हात टाकू नको.