सिंकखालचा प्लाय आणि जुनी फाइल

‘आर्किटेक्टच्या छोट्या ऑफिसला स्पेसिफिकेशनसाठी (कुठे कोणतं सामान, कसं काम याचा लेखी तपशील) क्लाउडवरचं सॉफ्टवेअर कशाला, वर्डची फाइल पुरते’ हे मत मला पटत नाही. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या कामावर सिंकखालच्या कपाटांना स्पेसिफिकेशनमध्ये आधी आयएस ३०३ चा, म्हणजे सर्वसाधारण वापराचा प्लाय होता. नंतर आम्ही तिथे आयएस ७१० चा, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय लिहिला. सुताराच्या मोबाइलवर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरची जुनीच फाइल राहिली, आणि त्याने आधीचाच प्लाय बसवला. वर्षभरात कडा फुगल्या, थर सुटले. लोकांच्या राहत्या घरात जाऊन ती कपाटं उचकटताना फार वाईट वाटलं.

क्लाउडवर सगळ्यांसमोर एकच प्रत असते, आणि कोणी काय कधी बदललं याची नोंद राहते. स्ट्रक्चरलवाल्यांना स्पेसिफिकेशनमधला त्यांचाच विभाग बदलता येईल, ठेकेदाराला फक्त वाचता येईल, अशी परवानगी जरूर लावा. एनबीएस कोरस हे असंच क्लाउडवरचं सॉफ्टवेअर तर रेव्हिटमध्ये (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) केलेल्या मॉडेललाही जोडता येतं. पण ते मूळचं ब्रिटिश. आपले आयएस कोड (भारतीय मानकं), सीपीडब्ल्यूडीच्या म्हणजे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या २०१९ च्या स्पेसिफिकेशनमधली कलमं स्वतः बसून भरावी लागतात. पहिल्या कामाला त्यात बराच वेळ जातो. पुढच्या कामाला तीच कलमं हाताशी येतात.

आणि साइटवर छापील प्रत लावणार असाल, तर तिच्यावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख मोठ्या अक्षरात टाकाच.