हळदीकुंकवाला विधवा आईला बोलवावे का?

प्रश्न: वडील जाऊन दीड वर्ष झाले. यंदा संक्रांतीचे हळदीकुंकू माझ्या घरी आहे आणि पहिले कुंकू आईलाच लावावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. परंतु सासूबाईंना ते पटत नाही आणि आई स्वतःही "कशाला उगीच" म्हणून स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या थापत बसते. काय करावे?

उत्तर १: कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसेच करावे असे परिपत्रक काढले. सासूबाईंना हे अवश्य सांगा.

उत्तर २: ठराव योग्यच आहे, पण आईंचा संकोच तेवढ्याने जाणार नाही. माझ्या मावशीला आम्ही चारचौघींत आग्रह केला, तेव्हा तिने कपाळावर हात आडवा धरला आणि ती उठून आत गेली. त्यामुळे आईंना आधी एकांतात विचारा.

प्रश्नकर्ती: आज विचारले. कुंकू नको, पण वाण मी माझ्या हाताने देईन, असे ती म्हणाली. तसेच होईल, सासूबाईंशी मी बोलते.