हद्दपार, परागंदा, निर्वासित: बार्तोलीला काय म्हणावं?

‘जोसेप’ (२०२०) या फ्रेंच ॲनिमेशनपटावर लिहिते आहे. नायक जोसेप बार्तोली हा बार्सेलोनाचा व्यंगचित्रकार. स्पेनच्या यादवीत तो प्रजासत्ताकाच्या बाजूने लढला, १९३९ मध्ये फ्रान्समध्ये गेला आणि तिथल्या छावण्यांत अडकला. पुढे मेक्सिको, मग न्यूयॉर्क. ‘हद्दपार चित्रकार’ बरोबर होईल का? आणि ‘छळछावणी’ चालेल?

*

हद्दपार नको. हद्दपारीला हुकूम लागतो. टिळकांना मंडालेला धाडलं, ती हद्दपारी. इथे प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोची फौज कातालोनिया, म्हणजे बार्सेलोनाचा मुलूख, घेत आली. मागे राहिला असता तर तुरुंग नाहीतर गोळी. जिवाच्या भीतीने मुलूख सोडला त्याला आपल्याकडे ‘परागंदा’ हा नेमका शब्द आहे. जुन्या कागदपत्रांत गावंच्या गावं परागंदा होतात. त्या हिवाळ्यात सुमारे पाच लाख माणसं स्पेन-फ्रान्स सरहद्दीवरचे पिरेनीज डोंगर ओलांडून गेली, त्यांच्याबद्दल ‘देशोधडीला लागली’ असं खुशाल लिहा.

*

परागंदा मलाही पटतो. पण सरहद्द ओलांडल्यावर काय? ‘निर्वासित’ म्हटलं की आपल्याला १९४७ नंतरचा कल्याण कॅम्प आठवतो, म्हणजे सरकारने दिलेला आसरा. फ्रान्समध्ये आर्जेलेसच्या छावणीत समुद्रकाठच्या वाळूत काटेरी तार ओढली होती. सुरुवातीला डोक्यावर छप्परसुद्धा नव्हतं, भर फेब्रुवारीत माणसं वाळूत खड्डे करून निजत. मोकाट गुरांसाठी कोंडवाडा असतो, तसली जागा. नुसतं ‘निर्वासित’ लिहून फ्रेंच सरकारला मोकळं सोडू नका.

‘छळछावणी’ मात्र मी टाळेन. मराठी वाचक त्या शब्दाबरोबर थेट आउश्विट्झला पोचतो. फ्रेंच अधिकारी तेव्हा या जागांना उघडपणे ‘काँसांत्रास्याँ’चे कॅम्प म्हणत, म्हणजे माणसं एकत्र डांबण्याची ठिकाणं. ‘स्थानबद्धांची छावणी’ कायद्याच्या भाषेत बसतं, पण फार कोरडं वाटतं. ‘कोंडछावणी’ कशी वाटते? पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडून सांगा.

*

‘कोंडछावणी’ घेते. आणखी एक: त्याने छावणीत काढलेल्या कामाला ‘चित्रं’ म्हणू की ‘रेखाटनं’?

*

रेखाटनं. १९४४ मध्ये मेक्सिकोत त्यांचं पुस्तक निघालं, त्यात रेघच सगळं बोलते. दिग्दर्शक ऑरेल स्वतः वृत्तपत्रातला व्यंगचित्रकार. छावणीच्या प्रसंगांत त्याने माणसं जवळजवळ हलूच दिली नाहीत, रेखाटनं एकामागून एक समोर येतात. मेक्सिकोत रंग उसळतात, तिथे ‘चित्रं’ म्हणा.

आणि ‘परागंदा’ सहसा ‘होणे’च्या जोडीने येतो. ‘परागंदा चित्रकार’पेक्षा ‘१९३९ मध्ये परागंदा झालेला चित्रकार’ कानाला सरळ वाटेल.