पाच माणसं कमी करायची आहेत, राजीनामे लिहून घ्यावेत का?

साकीनाकावाला
नमस्कार मंडळी. साकीनाक्याला पॅकेजिंगचा गाळा आहे, मस्टरवर ३४ जण. पाउच बनवणारी जुनी लाइन बंद करतोय, म्हणून पाच माणसं जास्त होतात: चार ऑपरेटर आणि एक सुपरवायझर (पगार २६,०००). ऑपरेटरांत सगळ्यात जुना ७ वर्षे ८ महिन्यांचा. सल्लागार म्हणतात, राजीनामे लिहून घ्या, हिशोब द्या, विषय संपला. हे चालतं का? सरकारची परवानगी लागते का? चौघांतला एक सारख्या दांड्या मारतो, त्यालाही यातच काढता येईल का?

मस्टरवाला
परवानगी लागत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर कामगारांपासून पुढच्या कारखान्यांना ती लागायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यात ही मर्यादा ३०० आहे. तुम्हाला कपात करायला कुणी अडवत नाही. लोक अडकतात ते क्रम चुकल्यामुळे.

आधी ज्येष्ठता यादी, कपातीच्या किमान सात दिवस आधी नोटीस बोर्डावर. शेवटी आलेला आधी जातो. हा क्रम मोडायचा असेल तर कारण लेखी नोंदवावं लागतं. यादी पदाप्रमाणे होते, मशीनप्रमाणे नाही. पाउचवरचा ऑपरेटर आणि शेजारच्या मशीनवरचा ऑपरेटर एकाच पदावर असतील तर दोघांची यादी एकच. 'लाइन बंद, म्हणून लाइनवरचे चौघे' हा युक्तिवाद सहसा टिकत नाही. तुमचा साडेसात वर्षांचा माणूस बहुतेक कपातीत बसणारच नाही, दुसऱ्या मशीनवरचा कुणीतरी नवा बसेल.

मग कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस, किंवा नोटिशीऐवजी महिन्याचा पगार. सोबत भरपाई: दर वर्षाला १५ दिवसांचं सरासरी वेतन, सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरून. वेतन २०,८०० असेल तर ७ वर्षे ८ महिन्यांची आठ वर्षं होतात. अर्ध्या महिन्याने धरलं तर ८३,२००. ग्रॅच्युइटीसारखं महिन्याचे कामाचे दिवस २६ धरून पगाराला २६ ने भागलं तर ९६,०००. माझं मत, २६ नेच द्या. रक्कम कमी पडल्याचं निघालं तर कपातच रद्द होते, १२,८०० साठी तो धोका कशाला? ग्रॅच्युइटीचे ९६,००० वेगळे आणि शिल्लक रजेचे पैसेही वेगळे. याशिवाय १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत (काढलेल्या कामगाराला नवं काम शिकता यावं म्हणूनचा निधी) भरायचा. तो तिथून कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचा असतो.

पत्रात 'भरपाई ऑफिसातून घेऊन जावी' असलं काही लिहू नका. पैसे त्याच दिवशी खात्यात टाका आणि यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) पत्रातच लिहा. पत्र घ्यायला नकार दिला तर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन स्पीड पोस्टाने पाठवा. उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत, ग्रॅच्युइटी ३० दिवसांत.

सरकारला कळवणंही आहेच. ते राहिलं म्हणून कपात रद्द होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९६४ चा निकाल आहे (तोही मुंबईच्याच पत्रकार युनियनच्या प्रकरणातला). पण एका पत्राचा कंटाळा कशाला?

वांद्रे पूर्व
राजीनाम्यांचं सांगतो. पाच राजीनामे, पाचांचा मजकूर एक, तारीख एक, सह्यांखालची शाईसुद्धा एक. समेट अधिकारी (मालक-कामगारांत तडजोड घडवणारा कामगार खात्याचा अधिकारी) ते कागद शेजारी शेजारी ठेवतो आणि पुढचं त्याला सांगावं लागत नाही. जबरदस्तीने घेतले असं ठरलं की ते राजीनामे राहत नाहीत, नोटीस आणि भरपाईशिवाय केलेली कपात होते. मग कामावर परत घेणं आणि मागचा पगार. कामगाराला दाद मागायला दोन वर्षं मुदत असते. कामगार भवनात (कामगार खात्याच्या कार्यालयात) अर्ज दिल्यावर ४५ दिवसांत समेट झाला नाही तर तो स्वतः न्यायाधिकरणात जाऊ शकतो, युनियन लागत नाही.

दांडीबहाद्दराला यात घालू नका. कपातीच्या पत्रात गैरहजेरीचा एक शब्द आला की ती शिक्षा ठरते, आणि चौकशीशिवाय शिक्षा टिकत नाही. त्याचा रस्ता वेगळा: तारखांसकट चार्जशीट, मस्टरचे उतारे, खुलाशाला वेळ, तक्रारदाराहून वेगळा चौकशी अधिकारी, उलटतपासणीची संधी. निलंबित केलं तरी त्या काळात पगार पूर्ण थांबवता येत नाही. मागचे मेमो शिक्षेत धरायचे असतील तर चार्जशीटमध्येच लिहा, आयत्या वेळी काढलेले चालत नाहीत.

सुपरवायझर: देखरेखीचं काम आणि १८,००० च्या वर पगार, म्हणजे तो संहितेतला 'कामगार' नाही. नेमणूकपत्रातली नोटीस लागू होते. पण तो दिवसभर स्वतःच मशीन चालवत असेल तर हुद्द्याला अर्थ नाही.

साकीनाकावाला
यादीचं ध्यानातच आलं नव्हतं. मग पुढची भरती फिक्स्ड टर्मवरच करावी म्हणतो. मुदत संपली की प्रश्न मिटला.

मस्टरवाला
मुदत संपल्यावर करार वाढवला नाही तर ती कपात धरत नाहीत, एवढं खरं. पण त्याच कामाच्या कायम माणसाइतकाच पगार द्यावा लागतो आणि ग्रॅच्युइटी पाचऐवजी एका वर्षातच लागू होते. ११ महिने, आठवड्याचा ब्रेक, परत ११ महिने असं वर्षानुवर्षं चालवलंत तर अनुचित कामगार प्रथेत येता. ब्रेकने २४० दिवसही (वर्षात एवढे भरले की सलग नोकरी धरतात) चुकत नाहीत, त्यात पगारी सुट्ट्या आणि पगारी रविवार मोजतात.

आणि कपातीनंतर वर्षभरात भरती काढलीत तर पहिली संधी याच काढलेल्यांना द्यायची. त्यांच्या पत्त्यावर लेखी कळवून पोच फाइलला लावा. ठेकेदाराकडून त्याच मशीनवर माणूस आणून बसवलात तर 'काम उरलं नाही' हे कारणच खोटं ठरेल.