टॅक्सी करताना विमान डावीकडेच जातं, मदत हवी आहे

तापीकाठची
विमान चालवायला शिकतेय. धावपट्टीकडे टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून चालवत नेताना, विमान सरळ राहतच नाही. डावीकडे जातं, उजवं पॅडल दाबून आणलं की थोड्या वेळात पुन्हा डावीकडे. नाकाचं चाक पिवळ्या रेषेवर ठेवायचं हे मला माहीत आहे, ते राहत नाही हीच अडचण आहे. सर म्हणतात पाय आळशी आहेत. हवेत काही त्रास नाही, लँडिंगही बरं होतं. सोलो (एकटीनं उडणं) फक्त यासाठी अडवून ठेवलाय. पॅडल नेमकं कसं वापरायचं ते सांगा. ‘सराव कर’ हे रोज ऐकते, ते नको. लवकर हवंय.

जुना_इन्स्ट्रक्टर
विमान कोणतं ते आधी सांग बेटा. सेसना असेल तर पॅडल स्प्रिंगमधून नाकाच्या चाकाला जोडलेलं असतं. डायमंड डीए-४० असेल तर नाकाचं चाक मोकळं फिरतं आणि हळू चालताना सगळं वळण ब्रेकवर. दोन्हींचं उत्तर एक नाही.

काळी_माती
जळगाव, धुळे की शिरपूर? कंट्रोल टॉवर आहे का तिथे?

तापीकाठची
सेसना १७२. गाव लिहीत नाही, लगेच फ्लाइंग शाळेचं नाव निघेल. टॉवर असण्या-नसण्याचा पॅडलशी काय संबंध?

जुना_इन्स्ट्रक्टर
१७२ ला नुसत्या पॅडलनं चाक साधारण १० अंश वळतं. त्यापुढचं वळण त्या बाजूचा ब्रेक दाबून, ३० अंशांपर्यंत. स्प्रिंग मध्ये असल्यामुळे पाय दिला की चाक थोडं उशिरा ऐकतं. नवी मुलं घाई करून जास्त पाय देतात, मग उलटा देतात, आणि विमान नागमोडी चालतं. टाचा जमिनीवर ठेव. नजर नाकापुढच्या दहा फुटांवर नको, रेषा दूर जिथे संपते तिथे ठेव. वेग माणूस भरभर चालतो तेवढाच. आणि सीट रुळात पक्की अडकली आहे का ते दर वेळी मागेपुढे हलवून बघ. सीट मागे गेली तर पाय पॅडलपर्यंत पोचतच नाही.

पश्चिमवारा
खरं कारण वारा आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी आपल्याकडे काय वारा सुटतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, त्यात वावटळी. शेपटीचा उभा पंख चाकांच्या बराच मागे असतो, म्हणून वारा शेपूट ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं. तुमची मुलं योक (हातातलं स्टिअरिंग) मोकळा सोडून टॅक्सी करतात, ही सवय मोडायलाच हवी. वारा समोरून डावीकडचा असेल तर योक डावीकडे, एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती फळी) मधोमध. मागून डावीकडचा असेल तर योक उजवीकडे आणि पुढे. मागून येणारा तिरपा वारा सगळ्यात वाईट. वरच्या पंखाचं हलकं विमान तो पंखाखाली शिरून उचलतो.

तापीकाठची
मी सकाळी सातला उडते. तेव्हा वाऱ्याची पिशवी लोंबत असते.

पश्चिमवारा
तरीही योकची सवय लावा. एक दिवस दुपारी जावं लागेलच.

हँगर_नं_दोन
मी एएमई, म्हणजे विमानांच्या देखभालीचा इंजिनिअर आहे, बरीच वर्षं पिस्टन विमानांवर काम केलंय. दोन गोष्टी सांग. परत येताना, म्हणजे उलट्या दिशेनं टॅक्सी करताना, कुठे ओढतं? आणि रोज तेच विमान असतं का?

चाळीसगावकर
माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. पायलट व्हायचं म्हणतो. चष्मा आहे, चालतो का? खर्च किती येतो?

काळी_माती
चाळीसगावकर, चष्मा नियमात बसत असेल तर चालतो. कुठेही पैसे भरण्याआधी क्लास २ मेडिकल (पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी) करून घ्या. बाकीचं वेगळा धागा काढून विचारा, या ताईंचं राहून जाईल.

माझं शेत एका धावपट्टीला लागून आहे म्हणून टॉवरचं विचारलं होतं. टॉवर नसला की पट्टीवर कुत्री, गुरं, कधी रोही, बघणारं कोणी नसतं. आणि पावसाळ्यात डांबराच्या कडेनं अजिबात जाऊ नका. आपली काळी माती वरून सुकलेली दिसते, आत लोणी असते. एका विमानाचं पुढचं चाक कडेवरून उतरून रुतलेलं मी पाहिलंय, पुढचा फिरता पंखा (प्रोपेलर) मातीला लागला होता.

हँगर_नं_दोन
पंखा जमिनीला लागला तर नुसता पंखा बदलून भागत नाही. इंजिन फिरत असताना लागला असेल तर ते उघडून तपासावं लागतं. म्हणून हा डावीकडे जाण्याचा प्रश्न लहान नाही.

लाल_दिवा
कोणी विचारलं नाही तरी लिहितो. मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी धुक्यात एक छोटं सेसना जेट चुकीच्या टॅक्सीवेनं (धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यानं) निघालं, धावपट्टीवर आलं आणि उड्डाण घेणाऱ्या एमडी-८७ या प्रवासी विमानाची त्याला धडक बसली. ११८ माणसं गेली. जमिनीवरच्या रडारची सोय तेव्हा चालू नव्हती. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडाला तटरक्षक दलाचं विमान धावपट्टीवर होतं आणि त्यावर एअरबस उतरली, छोट्या विमानातले पाच जण गेले. दोन्ही वेळा छोटं विमान जमिनीवरच होतं.

तापीकाठची
मी ओढण्याबद्दल विचारलंय.

लाल_दिवा
त्याच्याशीच जोडून सांगतोय, ताई. विमान रेषेवर ठेवायच्या झटापटीत सगळं लक्ष पायांत अडकतं. अशा वेळी होल्डिंग पॉइंट (धावपट्टीआधी थांबायची जागा) ओलांडला जातो. चार पिवळ्या पट्ट्या असतात, टॅक्सीवेच्या बाजूला दोन सलग, धावपट्टीच्या बाजूला दोन तुटक. सलग पट्टी आधी आली की थांबायचं, परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. टॉवर असेल तर ‘होल्ड शॉर्ट’ (धावपट्टीआधी थांबा) हे धावपट्टीच्या आकड्यासकट परत म्हणायचं, नुसतं ‘रॉजर’ नाही. टॉवर नसेल तर स्वतः बोलायचं आणि दोन्ही टोकांकडचं आकाश बघूनच आत जायचं. आणि विमान ऐकत नसेल तर सरळ थांबा. उभ्या विमानाला कोणी रागावत नाही.

तापीकाठची
हँगर काका, आज मुद्दाम पाहिलं. परत येतानाही डावीकडेच. शाळेत तीन १७२ आहेत, मला बहुतेक एकच मिळतं. दुसऱ्यावर एवढा त्रास आठवत नाही. आणखी एक, सरळ ठेवायला उजवा ब्रेक हलका धरून ठेवावा लागतो, मग पॉवर थोडी वाढवावी लागते.

हँगर_नं_दोन
हे आधी लिहिलं असतंस तर बरं झालं असतं. वारा असता तर परतताना बाजू बदलली असती. बाजू बदलत नाही, तर तो विमानाचा दोष असायची शक्यता मोठी. डावा ब्रेक पूर्ण सुटत नसेल, डाव्या टायरात हवा कमी असेल, किंवा नाकाच्या चाकाची जुळणी बिघडली असेल. बैलजोडीतला एक बैल मागे राहिला की गाडी त्याच बाजूला वळते, तसंच हे.

उजवा ब्रेक धरून पॉवर वाढवणं आजपासून बंद. दोन्ही चाकांच्या डिस्क तापतात आणि खरोखर थांबायची वेळ येते तेव्हा ब्रेक धरत नाही. लँडिंगनंतर वेगात डावा ब्रेक अडकला तर विमान पट्टीच्या बाहेर जाईल. टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिही.

जुना_इन्स्ट्रक्टर
एवढ्यावरून निदान नको. विद्यार्थ्यानं आधी पाय सुधारावेत. विमानावर ढकलायची सवय लागली की पायलट घडत नाही.

हँगर_नं_दोन
ढकलत नाहीये सर, तपासून वगळायचं म्हणतोय. जॅकवर चाक उचलून हातानं फिरवायला कितीसा वेळ लागतो? मूल महिनोन्‌महिने स्वतःच्या पायांना दोष देत बसतं आणि ब्रेक तसाच राहतो, हे मला सहन होत नाही.

तापीकाठची
स्नॅग लिहायला भीती वाटते. विमान दुरुस्तीसाठी उभं राहिलं की सगळ्यांचे उड्डाणाचे तास अडतात, मुलं माझ्यावर चिडतील.

जुना_इन्स्ट्रक्टर
इथे मी हँगरच्या बाजूनं. लिहायचंच. सरांना सांगून लिही: “दोन्ही दिशांना टॅक्सी करताना डावीकडे ओढतं, वारा शांत.” एवढंच, स्वतःचं निदान नको. उद्या त्याच विमानात एखादा पहिल्यांदा एकटा बसेल.

तापीकाठची
लिहिलं. सरांनी स्वतः टॅक्सी करून पाहिली आणि सही केली. डाव्या चाकाचं कॅलिपर (ब्रेकचा डिस्क पकडणारा भाग) पिनांवर सरकत नव्हतं, धूळ साचून अडकलं होतं. लायनिंग (ब्रेकचा घासणारा थर) एका बाजूनं झिजलेलं निघालं, नवं टाकताहेत. पण आता दुसऱ्या विमानावरही थोडं नागमोडी होतंच, ते पायांचं.

जुना_इन्स्ट्रक्टर
ते सुटेल. दूर बघ, कमी पाय दे.

हँगर_नं_दोन
नवं लायनिंग आधी डिस्कवर रुळवून घ्यावं लागतं, त्याची पद्धत बनवणाऱ्याच्या पुस्तकात असते. ती झाली का ते एएमईला विचारल्याशिवाय त्या विमानात बसू नकोस. आणि दर वेळी विमान हललं की लगेच, पार्किंगमध्येच, दोन्ही ब्रेक दाबून बघ.